डिलिव्हरीचं काय?

शनिवार सकाळ, चहा, आणि डोक्यात आठवडाभर वाचत असलेलं एक प्रकरण. माझी बायॉलॉजी बारावीला संपली, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं :-)

आपण प्रोग्रामर लोक नको असलेली ओळ डिलीट करत नाही, कॉमेंट करून ठेवतो. पेशीतही तशीच सोय आहे! डीएनएला हात लावायचा नाही, त्यावरून निघालेला आरएनएचा निरोप मधेच फाडायचा. मग ते प्रोटीन बनतच नाही. फायर आणि मेलो यांनी हे १९९८ साली एका इवल्याशा कृमीत दाखवलं, २००६ मध्ये नोबेल मिळवलं. पण त्यावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, यायला २०१८ उजाडलं. का? मुख्य घोडं अडलं डिलिव्हरीत!

नुसता आरएनए रक्तात सोडला तर एन्झाइम्स त्याचा चुरा करतात. त्यातून वाचला तरी पेशीचं तेलकट आवरण त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला कोलेस्टेरॉल वगैरे चार स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळीत गुंडाळतात. त्यातला एक पदार्थ भलता हुशार. रक्तात तो भाररहित असतो. पेशीने गोळी गिळून आम्लधर्मी पिशवीत टाकली की त्याच्यावर धनभार येतो आणि तो पिशवीची भिंत फोडतो. तरीही प्रयोगांत शंभरातले एक-दोनच आरएनए बाहेर निसटलेले दिसले. तेवढे पुरतात, कारण एकेक रेणू अनेक निरोप फाडतो. शिवाय या गोळ्या बहुतेक लिव्हरमध्येच जातात. पॅटिसिरानला ते सोयीचं, कारण त्याला थांबवायचं प्रोटीन लिव्हरच बनवतं. मेंदूच्या आजाराला मात्र ही गाडी उपयोगाची नाही.

स्निग्ध वेष्टन आपल्याला नवीन नाही. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीने नाशिककरांना लायपोसोमल अँफोटेरिसिन हा शब्द पाठ करायला लावला. साधं अँफोटेरिसिन किडनीला त्रास देतं, वेष्टनातलं बरंच कमी. साठ किलोच्या माणसाला रोज पाच-सहा कुप्या. शेजारच्या काकांसाठी त्यांच्या मुलाबरोबर मी गोळे कॉलनीतली दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "नाही हो, संपलं." मिळेपर्यंत काकांचा एक डोळा गेला. जीव वाचला.

तेव्हापासून वाटतं, डिलिव्हरी दोन असतात. एक पेशीपर्यंत, एक माणसापर्यंत. पहिलीवर जगातली डोकी वीस वर्षं झिजली. दुसरीचं काय? पॅटिसिरान अमेरिकेत आलं तेव्हा त्याची छापील किंमत वर्षाला सुमारे साडेचार लाख डॉलर होती!

पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला, २ ते ८ अंशांत टिकते. उणे सत्तरचा फ्रीझर नको, म्हणजे सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकते. मला विचाराल तर हेही तितकंच मोठं संशोधन आहे. कोड कितीही सुंदर असो, युजरपर्यंत पोचला नाही तर तो आपल्याच मशीनवर चालतो, बस्स.

असो. तुम्हाला काय वाटतं?