व्रणाची पूर्वकथा

'द लायन किंग' या १९९४ सालच्या डिस्ने अ‍ॅनिमेशनपटातील खलनायकाचे नाव हे वस्तुतः नाव नव्हे. ती एक खूण आहे. स्कार म्हणजे व्रण. त्याच्या डाव्या डोळ्यावरून एक रेघ उतरते आणि त्या रेघेनेच तो ओळखला जातो. ती रेघ कशी उमटली, कोणी उमटवली, ती उमटण्यापूर्वी त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाई, यांपैकी काहीही चित्रपट सांगत नाही. रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिन्कॉफ या दिग्दर्शकांनी हा प्रश्न टाळला, असेही म्हणता येत नाही. संहितेत तो उपस्थितच होत नाही. स्कार पडद्यावर येतो तो पंजात सापडलेल्या उंदराशी बोलत. आपण कधीही राजा होणार नाही, हे तो त्या उंदराला ऐकवतो. प्रेक्षकाच्या हाती त्याचा भूतकाळ येतो तो एवढाच, आणि तेवढा पुरतो.

तीस वर्षांनी या व्रणाला पूर्वकथा लाभली. बॅरी जेन्किन्स ती दिग्दर्शित करणार असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, दोन वर्षांनी 'मुफासा : द लायन किंग' हे शीर्षक सांगण्यात आले, २९ एप्रिल २०२४ रोजी पहिली झलक प्रसिद्ध झाली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी चित्रपट अमेरिका, भारत आदी देशांत प्रदर्शित झाला. झलक आणि चित्रपट यांच्यामधल्या आठ महिन्यांत मूळ चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांनी जे म्हटले, त्याची दखल समीक्षेने सहसा घेतलेली नाही. न पाहिलेल्या कलाकृतीविषयीचे मत हे मतच नव्हे, अशी समीक्षेची धारणा असते. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु या प्रतिक्रिया न पाहिलेल्या चित्रपटाविषयी नव्हत्याच. शंभरदा पाहिलेल्या चित्रपटाविषयी होत्या.

'ही कथा कोणी मागितली होती?' हा त्यांतला सर्वांत ठळक सूर. त्यामागे व्यापारी हेतूविषयीचा संशय होता आणि तो रास्तही होता. २०१९ साली जॉन फॅवरो यांनी केलेल्या संगणकीय पुनर्निर्मितीने दीड अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवल्यानंतर पूर्वकथा निघणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्यात समीक्षेला रस वाटावा असे फारसे काही नाही. रस वाटावा तो दुसऱ्या प्रकारच्या आक्षेपांत. मुफासाच्या अंगी राजघराण्याचे रक्त नाही, तो वाहून आलेला पोरका छावा आहे आणि पुढे स्कार होणारा टाका हा त्याचा मानलेला भाऊ आहे, हे प्रसिद्धीच्या साहित्यातून स्पष्ट होताच जुन्या संहितेची पाने उलटली जाऊ लागली. १९९४ च्या चित्रपटात स्कार आपली बुद्धी आणि मुफासाचे बळ यांची तुलना करताना आनुवंशिकतेचा दाखला देतो, मग ते सख्खे भाऊ नव्हेत हे कसे? पूर्वीचे थोर राजे ताऱ्यांतून खाली पाहतात, ही गोष्ट आपल्याला आपल्या पित्याने सांगितली असे मुफासा सिंबाला म्हणतो, मग तो पिता कोण आणि ते राजे कोणाचे? जाताजाता आलेल्या वाक्यांवर एवढा भार टाकणारे हे वाचन टीकाकारांच्या परंपरेत सहज बसेल. फरक असलाच तर एवढाच की ही टीका धनी नसलेल्यांनी धन्याविरुद्ध लिहिली.

हा वाचक कोण होता? १९९४ साली जे मूल आठ-नऊ वर्षांचे होते ते २०२४ साली चाळिशीला टेकले होते. या मुलाने मृत्यू प्रथम पाहिला तो बहुधा कुठल्या घरात नव्हे, तर उधळलेल्या कळपाने तुडवलेल्या त्या दरीत. बापाच्या निश्चल पंजाखाली शिरून झोपू पाहणारा सिंबा हे त्याचे शोकाचे पहिले रूप. 'मूनलाइट'सारखा (२०१६) चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने आत्मा नसलेल्या यंत्राच्या सेवेत जावे याचा विषाद एकाने व्यक्त केला, तेव्हा जेन्किन्स यांनी जाहीर उत्तर दिले ते याच मुद्द्यावर बोट ठेवून: दशकानुदशके जगभरची मुले या कथेतून प्रथमच सामूहिक शोक अनुभवत आली आणि शेक्सपिअरलाही प्रथमच भेटत आली, तिला निर्जीव कसे म्हणावे? उत्तर समर्पक होते. मात्र आक्षेप घेणारा नेमका याच कारणासाठी अस्वस्थ होता. दरीच्या कडेवर लोंबकळणाऱ्या मुफासाच्या पंजांत स्कार आपली नखे रोवतो, त्या क्षणाला आता मागून एखादे स्पष्टीकरण येऊन चिकटणार, ही त्याची भीती होती.

एरिख आउअरबाख यांच्या 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथाचा आरंभ एका व्रणापासूनच होतो. भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई युरिक्लेइया त्याच्या मांडीवरचा व्रण ओळखते. कथा ऐन उत्कंठेच्या जागी आलेली असताना होमर थांबतो आणि तारुण्यात आजोळी गेलेल्या ओडिसियसला रानडुकराच्या सुळ्याने ही जखम कशी झाली, ते सत्तराहून अधिक ओळींत सांगतो. आजोबा, मेजवानी, पहाटेची शिकार, सारे काही. त्यानंतरच दाईच्या हातून पाय सुटतो आणि परातीतले पाणी सांडते. आउअरबाख यांचे निरीक्षण असे, की होमरच्या जगात काही अंधारात राहू शकत नाही. व्रण दिसला की त्याची कथा त्याच लख्ख उजेडात यावीच लागते. याच्या विरुद्ध टोकाला त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहाम ठेवला आहे. मुलाचा बळी द्यायला निघालेला हा बाप तीन दिवस चालतो, आणि त्या तीन दिवसांत त्याच्या मनात काय होते याचा एक शब्दही संहिता देत नाही. न सांगितलेले तिथे वजन घेऊन उभे राहते.

पॉपकॉर्न खात पाहायच्या लोकप्रिय चित्रपटाला बायबलच्या पंक्तीला बसवणे कोणाला अवाजवी वाटेल. एरवी तो चित्रपट लख्ख उजेडातलाच आहे. त्याची गाणीदेखील प्रत्येकाचे मन उघडे करून सांगतात. परंतु त्या एका व्रणापुरता तो अब्राहामाच्या बाजूचा आहे, आणि एवढ्या उजेडात तेवढाच अंधार असल्यामुळे तो अधिक गडद भासतो. पूर्वकथा तिथे होमरचा दिवा नेणार होती. आक्षेपकांनी आउअरबाख वाचला नसेल. ते अंधाराची राखण करीत होते.

मात्र ही राखण केवळ कथानकाची नव्हती. आंद्रेआस देया यांच्या देखरेखीखाली रेखाटलेला १९९४ चा स्कार हाताने काढलेला आहे. त्या चित्रात डोळ्यावरची रेघ आणि ओठाची वाकडी रेघ यांचा दर्जा एकच. दोन्ही स्वभावाची चिन्हे आहेत. काळ्या आयाळीला कोणी कारण विचारत नाही, तसे व्रणालाही विचारत नाही. रेखाटनात व्रण हा अर्थ असतो, घटना नसते. २०१९ च्या छायाचित्रसदृश प्रतिमेत केस, स्नायू, श्वासाने हलणारी कातडी सारे आले आणि त्याबरोबर तीच रेघ जखम झाली. जखम म्हटली की ती केव्हा, कशाने, कोणाकडून हे प्रश्न लागलेच. त्या चित्रपटातच स्कारच्या तोंडी पूर्वीच्या एका आव्हानाचा सूचक उल्लेख आला, हा योगायोग नसावा. नव्या प्रतिमेत सिंहाचे चेहरे बोलत नाहीत ही तक्रार आणि नवी कथा फार बोलते ही तक्रार चाहते दोन वेगळ्या कलमांखाली मांडत राहिले. वास्तविक दुसरी पहिलीतूनच निघाली होती: चेहऱ्याने जे सांगायचे ते सांगता येईनासे झाले, की चरित्र सांगावे लागते.

येथे चाहत्यांच्या भूमिकेतील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. ज्यांनी या अंधाराची बाजू घेतली त्यांच्याच वर्तुळांत टाकाच्या बालपणाच्या हौशी कथा वर्षानुवर्षे लिहिल्या गेल्या. 'टाका' हे नावही नवे नव्हते. १९९४ सालीच मुलांसाठी निघालेल्या एका पूरक गोष्टीच्या पुस्तकात ते आले होते आणि तिथे बोमा नावाच्या रेड्याने त्याला ती जखम केली होती. पुढे 'द लायन गार्ड' या दूरचित्रवाणी मालिकेने हा व्रण नागाच्या दंशाला दिला. रेडा आणि नाग तीन दशकांच्या अवधीत शेजारी शेजारी नांदले, कोणी फारसे बिथरले नाही. म्हणजे स्पष्टीकरणाचा तिटकारा नव्हता. एकाच व्रणाला अनेक कथा असाव्यात आणि त्यांपैकी एकीलाही प्रमाण मानावे लागू नये, ही मोकळीक हवी होती. मोठ्या पडद्यावरील, मूळ मालकाच्या शिक्क्याची कथा ती मोकळीक काढून घेते.

पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षिप्ताचा प्रश्न आहे. बालकांडाचा बराच भाग आणि उत्तरकांड ही रामायणातील मागाहूनची भर, असे मत अभ्यासकांनी मांडले ते ही कांडे शतकानुशतके रुळल्यानंतर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुरे करायला १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ लागला. 'मुफासा'च्या बाबतीत लोकांनी पाठ हाती येण्यापूर्वीच त्याला प्रक्षिप्त ठरवले. जेरार जेनेत यांनी संहितेभोवतीच्या शीर्षक, प्रस्तावना, जाहिरात आदी मजकुराला उंबरठा म्हटले होते. इथे घर उभे राहण्याआधी उंबरठा बसवला गेला, आणि लोक त्यावर बसूनच वाद घालू लागले.

भारतात त्या उंबरठ्यावर आणखी एक रांगोळी होती. हिंदी आवृत्तीत मुफासाला आवाज शाहरुख खानचा, आणि वंशाचे पाठबळ नसताना राज्य मिळवणारा मुफासा हा त्याच्याच आयुष्याचा पडसाद आहे, असे सुचवणारी जाहिरात. चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत आला. मराठीचा त्यांत समावेश नव्हता. वंशाविना राजा होण्याची ही कथा हिंदीत बोलली ती मात्र बापाने आणि त्याच्या दोन मुलांनी: आर्यनने सिंबाचे आणि अबरामने छाव्या मुफासाचे संवाद म्हटले.

वंशाचा मुद्दा आक्षेपकांच्याही अडचणीचा आहे. सख्खे भाऊपण जपू पाहणारा वाचक नकळत राजरक्ताचाही कैवार घेत होता. मूळ चित्रपटात राज्य बापाकडून मुलाकडे जाते ते निसर्गनियमासारखे, आणि तरस सीमेबाहेर राहतात तेही तसेच. यावर पूर्वी टीका झालेली आहे. जेन्किन्स यांच्या चित्रपटाने राजपद जन्मावरून सोडवून कर्तृत्वाशी जोडले, ही खरे तर त्या टीकेला दिलेली दादच. पण संहितेशी निष्ठा आणि संहितेतील राजनिष्ठा यांची गाठ इतकी पक्की होती, की एक सोडवताना दुसरी तुटते असे चाहत्यांना वाटले. त्यांच्या सूक्ष्म वाचनाचे मोल मान्य करूनही, या जागी त्यांचे कान थोडे बंद होते असेच म्हणावे लागेल.

लेडी मॅक्बेथला मुले किती, असा खोचक प्रश्न शीर्षकात ठेवून एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली संहितेबाहेरच्या चरित्रांची चौकशी करणाऱ्या समीक्षेची थट्टा केली होती. ती थट्टा सर्जनशील लेखकांनी मनावर घेतली नाही. 'द लायन किंग'ची कथा ज्या 'हॅम्लेट'ची ऋणी आहे, त्याचीही पूर्वकथा जॉन अपडाइक यांनी 'गर्ट्रूड अँड क्लॉडियस' (२०००) या कादंबरीत लिहिली आणि भ्रातृहत्या करणाऱ्या क्लॉडियसला प्रेमिक केले. भागवताने तर रावण-कुंभकर्णांना वैकुंठाचे शापित द्वारपाल करून सोडले. पूर्वकथेचा हा जुनाच स्वभाव: ती दुष्टाला कारण देते, आणि कारण मिळालेला दुष्ट निम्मा सुटतो. चाहत्यांना स्कार सुटायला नको होता.

प्रत्यक्ष चित्रपटात टाकाला तो व्रण मिळतो मुफासाला वाचवताना. ज्याच्याशी त्याने दगा केला त्याच्यावरचा किरोसचा वार तो ऐनवेळी स्वतःवर घेतो, आणि नंतर आपले नाव टाकून त्या खुणेचेच नाव धारण करतो. म्हणजे १९९४ पासून द्वेषाची खूण म्हणून वाचली गेलेली रेघ ही प्रेमाच्या शेवटच्या उसळीची खूण ठरली. एवढे एक या चित्रपटाने असे दिले, जे आठ महिन्यांतल्या कोणत्याही आक्षेपात वा हौशी कथेत सहज येण्याजोगे नव्हते. जुन्या चित्रपटात स्कार दरीच्या कडेवर वाकतो, तेव्हा ती रेघ मुफासाच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ येते. नवा चित्रपट आधी पाहिलेल्या मुलाला त्या क्षणी काय दिसेल, हे चाळिशीतल्या प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नाही. पित्याने सांगितलेल्या ताऱ्यांचा हिशेब मात्र अजून लागलेला नाही, आणि त्यावरची टीका चालू आहे.