नानांची नाडी आणि एक फुटबॉल सामना

सायखेड्यासारख्या गावात गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने या पाक्षिकात फुटबॉलविषयी लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. गोदाकाठच्या आमच्या या भागात चर्चा होते ती द्राक्षांची, उसाची आणि कांद्याच्या भावाची. पावसाळ्यात नदीचे पाणी पुलाला लागले की नाही, याची होते. पोरे क्रिकेट खेळतात आणि जुन्या पिढीचा जीव अजूनही कुस्ती-कबड्डीत अडकलेला आहे. फुटबॉल हा काही आमचा खेळ नव्हे. तरीही २७ मे २०२३ च्या रात्री पाहिलेल्या एका सामन्यामुळे माझ्या वडिलांचा लपून राहिलेला आजार उघडकीस आला. घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने ती हकीकत ऐकावी, असे मला वाटते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्या वर्षी त्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. आई जाऊन चार वर्षे झाली होती आणि तेव्हापासून त्यांचे बोलणे कमी झाले होते. माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील ल्यूटन या गावी राहतो. तो दर रविवारी आजोबांना व्हिडिओ कॉल करतो आणि तिथल्या क्लबच्या गमती सांगतो. ल्यूटनच्या जुन्या मैदानाचे एक प्रवेशद्वार घरांच्या रांगेतून जाते आणि प्रेक्षक लोकांच्या परसांवरून जिने चढतात, हे ऐकून नानांना फार मौज वाटली होती. “म्हणजे आपल्या जत्रेसारखंच की रे!” ते म्हणाले होते.

त्या शनिवारी भाचा लंडनला वेम्ब्ली मैदानावर जाणार होता. “आजोबा, आज आमचा क्लब वर चढायचा आहे,” असे त्याने सांगितल्यामुळे नाना हट्टाने जागे राहिले. मी लॅपटॉपवर सामना लावला. आमच्या वेळेनुसार तो रात्री सव्वानऊच्या सुमारास सुरू झाला.

हा ‘वर चढण्याचा’ प्रकार थोडक्यात सांगतो. तिकडे क्लबांच्या श्रेणी शाळेतल्या इयत्तांसारख्या असतात. चांगले खेळणारे वर जातात, मागे पडणारे खाली उतरतात. आपल्याकडेही हे घडते. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेला गोव्याचा धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी त्याने ती श्रेणी जिंकली, पण नंतर स्पर्धेतून माघार घेतली आणि २०२४ मध्ये तो पुन्हा एकदा खालून वर आला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतून पहिले दोन क्लब थेट वर जातात. तेव्हा तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार क्लब आपसात खेळत आणि त्यांच्यातील अंतिम सामना जिंकणाऱ्या एकालाच वरचे दार उघडत असे. त्या वर्षी हा सामना ल्यूटन आणि कॉव्हेन्ट्री यांच्यात होता. पाच वर्षांपूर्वी हे दोन्ही क्लब चौथ्या श्रेणीत होते. ल्यूटन तर २००९ ते २०१४ अशी पाच वर्षे त्याहूनही खाली होता. नानांनी हे सारे शिक्षकाच्या कानाने ऐकले आणि म्हणाले, “नापास होऊन पुन्हा वर आलेली पोरं आहेत तर.”

सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटे झाली असतील. ल्यूटनचा कर्णधार टॉम लॉकियर, अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट तरुण, जवळपास कोणी नसताना एकदम खाली कोसळला. कोणाचा धक्का लागला नव्हता. डॉक्टर धावले, खेळाडू डोके धरून उभे राहिले, पंच्याऐंशी हजारांहून अधिक माणसे असलेले मैदान शांत झाले. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले. त्यानंतर सामना पुढे चालू राहिला.

माझे लक्ष पडद्यावर होते. नानांचे नव्हते. ते आपल्या छातीवर पंजा ठेवून बसले होते. थोड्या वेळाने, अगदी सहज म्हणून ते बोलले, “अरे, मला पण कधीकधी आत पाखरू फडफडल्यासारखं होतं. मग दोन पावलं चाललो तरी दम लागतो. पण बसलो की जातं.”

“कधीपासून, नाना?”

“होळीच्या आधीपासून असेल. तुला कशाला त्रास द्यायचा? दवाखान्यात तुझ्या ढीगभर पेशंट.”

वाचकहो, त्या क्षणी मला झालेली लाज शब्दांत सांगता येणार नाही. गावातल्या शेकडो म्हाताऱ्या मनगटांवर माझी बोटे रोज टेकतात. नानांच्या मनगटावर ती किती महिन्यांत टेकली नव्हती, हे मला आठवेना. घरात रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र होते. माझी पत्नी दर आठवड्याला आकडे वहीत लिहीत असे आणि मी ते पाहून मान डोलावत असे. त्या यंत्रावर दोन-तीनदा ठोके अनियमित असल्याची खूण उमटली होती. पत्नीने मला तसे सांगितलेही होते. “सेल उतरले असतील, बदल,” हे माझे उत्तर होते.

मी नानांची नाडी धरली. पूर्ण एक मिनिट धरली. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने. त्यात कोणताही ताल नव्हता. सामना तिकडे बरोबरीत जाऊन जादा वेळेत गेला, मग पेनल्टी सुरू झाल्या. कॉव्हेन्ट्रीची सहावी पेनल्टी हुकली आणि ल्यूटन ६-५ ने जिंकला. भाच्याचा फोन आला, त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मी अभिनंदन केले खरे, पण माझ्या बोटांखाली अजून तीच विस्कटलेली चाल जाणवत होती.

सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी नानांचा ईसीजी काढला. निदान स्पष्ट होते: एट्रियल फिब्रिलेशन. पुढे वाचण्यात आले की, लॉकियरलाही तोच त्रास होता.

हा आजार काय आहे, ते साध्या भाषेत सांगतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरत राहतात. त्यामुळे तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट वाढते. वय वाढेल तसा हा आजारही वाढतो आणि कित्येकांना त्याची काहीच जाणीव होत नाही. वृद्धांना होते ती जाणीवही ‘वयामुळे’ या एका शब्दाखाली दडपली जाते. दम लागतो, वयामुळे. थकवा येतो, वयामुळे. चक्कर येते, वयामुळे. मुलांना त्रास नको म्हणून आईवडील बोलत नाहीत आणि ते बोलत नाहीत म्हणून मुले विचारत नाहीत.

नाशिकला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून, इको आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून, रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू झाली. नानांनी सुरुवातीला विरोध केला. “रक्त पातळ केलं आणि पडलो-झडलो तर?” ही शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. ती रास्तही आहे. पण बहुतेक रुग्णांमध्ये पक्षाघाताचा धोका रक्तस्रावाच्या धोक्याहून मोठा असतो. तो हिशेब डॉक्टरांनी मांडायचा असतो आणि आपण त्यांना तो विचारायचा असतो. ऍस्पिरिन हा तिला पर्याय नाही. दात काढायचा असो वा लहानशी शस्त्रक्रिया असो, ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये.

लॉकियरवर उपचार झाले आणि तो पुन्हा खेळू लागला. नाना त्याची चौकशी भाच्याकडे दर रविवारी करीत. जणू एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर राहिल्याचा त्यांचा ऋणानुबंध होता.

त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री भाच्याचा फोन आला. बोर्नमथ येथील सामन्यात लॉकियर पुन्हा मैदानात कोसळला होता. मे महिन्यात त्याच्या हृदयाची लय बिघडली होती. या वेळी मात्र हृदयक्रियाच बंद पडली होती. पुढे त्याने स्वतः सांगितले की, त्याचे हृदय दोन मिनिटे चाळीस सेकंद थांबले होते. वैद्यकीय पथकाने क्षणाचाही विलंब न लावता त्याला परत आणले. नंतर त्याच्या शरीरात, लय धोकादायकरीत्या बिघडली तर आपोआप विजेचा झटका देणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. छातीवर दाब देण्याचे तंत्र सामान्य माणसांना शिकवण्याच्या मोहिमेत तो पुढे सहभागी झाला.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याच्याभोवती डॉक्टर उभे होते. दिवसभर तू दवाखान्यात असतोस. माझ्याभोवती कोण असतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवसा नानांसोबत घरी असते ती माझी पत्नी, दुपारी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा. सत्तावीस वर्षांत मी यांपैकी कोणालाही काही शिकवले नव्हते. नाशिकचे मोठे रुग्णालय गाठायला आम्हाला पाऊण तास तरी लागतो. हृदय थांबल्यावर मदतीविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. म्हणजे पहिली काही मिनिटे डॉक्टरच्या हाती नसतातच. ती जो जवळ असेल त्याच्या हाती असतात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बैठकीतला जुना घट्ट लोड जमिनीवर ठेवला आणि तिघांना बसवले. आपणही लक्षात ठेवावे म्हणून तोच क्रम इथे देतो. माणूस कोसळला, हाका मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले की एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवावीत आणि छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाबावे. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस असावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी, पण थांबू नये. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तर नुसते दाबत राहावे. बरगडी मोडेल ही भीती बाळगू नये. मोडलेली बरगडी जुळते. मावशींचे दाब सर्वांत उत्तम निघाले. “रोज कणीक मळते ना, डॉक्टर,” त्या हसून म्हणाल्या. नाना खुर्चीवर बसून मोठ्याने आकडे मोजत होते.

पुष्कळ घरांतील ज्येष्ठ मला विचारतात, “मग सामने पाहायचे की नाही?” २००६ च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक झाल्याचे संशोधकांना आढळले होते आणि आधीच हृदयविकार असलेल्यांना त्याचा धोका अधिक होता. म्हणून जरूर पाहा, पण एकट्याने पाहू नका. संध्याकाळची गोळी सामन्याच्या नादात चुकवू नका. मध्यंतरात उठून थोडे चाला. छातीत दडपण किंवा फडफड जाणवली, तर निकालाची वाट पाहू नका, लगेच सांगा.

ल्यूटनचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. २०२४ मध्ये तो पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी घसरला. भाच्याने फारच दुःखी होऊन ही बातमी सांगितली, तेव्हा नाना म्हणाले, “चढतील रे. पण त्या पोराची तब्येत कशी आहे, ते आधी सांग.”

आमच्या घरी आता रोज सकाळी चहापूर्वी एक शिरस्ता आहे. मी नानांच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर दोन बोटे ठेवतो आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबतो. त्या एका मिनिटात ते मला रात्री झोप लागली का, पाय सुजला का, आईची आठवण आली का, हे सारे सांगून टाकतात. वर्षानुवर्षे ते काहीच बोलत नाहीत, असे मी समजत होतो.

आपल्या घरातील वृद्ध माणसाची नाडी आपण शेवटची कधी पाहिली? ठोके अनियमित वाटले तर घाबरून न जाता डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर आत पाखरू फडफडते आहे हे मुलांना सांगा. त्यांना त्रास होईल म्हणून गप्प बसू नका. माझ्या नानांनी ते चार महिने लपवले होते. पक्षाघात त्या चार महिन्यांत झाला नाही, हे आमचे दैव. त्यात माझे काहीच कर्तृत्व नाही.