नाकाशी धरलेला रुमाल

स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा संस्थेच्या वाटचालीविषयी लिहावे असे मनात होते. परंतु त्या विषयाचे अधिकारी पुष्कळ आहेत. आम्ही आमच्या चेहऱ्याविषयी लिहितो.

गेली पंचवीस वर्षे आमच्या भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही कडांना लाली येते, तिच्यावर पिवळसर खपल्या धरतात. थंडीत आणि उत्तरपत्रिकांच्या जागरणात हे वाढते. आईने खोबरेल चोळले. खपल्या दोन दिवस मऊ झाल्या आणि आठवड्यात दुपटीने उठल्या. लिंबाच्या रसाने कातडी भाजली. एका दुकानदाराने दिलेल्या मलमाने तिसऱ्याच दिवशी चेहरा लख्ख झाला. ते स्टिरॉइडचे होते, सोडताच चेहरा पूर्वीपेक्षा लाल झाला. अखेरीस त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितले : सेबोरिक डर्मटायटिस. सर्वांच्याच त्वचेवर राहणारे एक सूक्ष्म यीस्ट तेथल्या तेलावर पोसते. काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. म्हणजे खोबरेल चोळून आम्ही त्यालाच जेवू घालीत होतो! विकार स्पर्शाने पसरत नाही आणि कायमचा जातही नाही. आता साबण बंद. कोमट पाणी आणि टिपण्यापुरता मऊ सुती पंचा. उसळी आली की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या किटोकोनॅझोल शाम्पूचा फेस आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुतो. कडुनिंबाचा गार काढा मात्र सोडलेला नाही. खाज शमते असे वाटते, एवढाच त्याचा पुरावा.

हे सारे आम्ही लपविले. सर्दी झाल्याचे सांगून वर्गात नाकाशी रुमाल धरीत असू.

मग आठवीत एक मुलगा आला. त्याच्या भुवयांत त्याच खपल्या. भोजनगृहात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका ताटाची जागा मोकळी राहू लागली. पंगतीतले अंतर आपल्या घरांना नवे नाही. येथे ते आपल्याच मुलांनी ठेवले होते, आणि आम्ही रुमालाआड गप्प होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही आमचे ताट घेऊन त्या जागेत बसलो. सायंवंदनेनंतर चष्मा काढून मुलांना चेहरा जवळून दाखविला आणि महावग्गातील प्रसंग सांगितला. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांच्या फोडांतील लशीने चीवर अंगाला चिकटे. भिक्खू ते पाण्याने पुन्हा पुन्हा भिजवून सोडवीत. भगवंतांनी ते पाहिले, विचारपूस केली आणि अशा विकारांसाठी औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. आम्हांस त्या चूर्णापेक्षा चीवर सोडविणारे हात अधिक मोलाचे वाटतात.

नंतर मुलाने एकट्यात विचारले, "सर, तुमचं कधी बरं होणार?"

"होणार नाही. आटोक्यात राहील."

दिवाळीच्या सुटीनंतर त्याच्या आईने आमच्यासाठी कडुनिंबाचा वाळवलेला पाला पाठविला, आणि मुलासाठी खोबरेलाची बाटली. ती वसतिगृहाच्या बिजागऱ्यांना कामी आली.