सामायिक सदरा

आमच्या मालवणच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत. इंटरव्ह्यूच्या शर्टावर पाच नावं. पाचही हयात आणि पाचही कधी ना कधी बेकार.

शर्ट मूळ माझा. 2009 साली दादरला घेतला. लांबून पांढरा, जवळ गेलं की फिकट निळी रेघ. माप चाळीस. मला खांद्यात सैल, थोरल्या चुलतभावाला पोटात घट्ट, धाकट्याला बाह्या आखूड. नीट असा तो कुणालाच बसत नाही, म्हणून त्याच्यावरून भांडण झालं नाही. कॉलरच्या आत घामाची पिवळी रेषा आहे, ती रिठ्यानेही गेली नाही. वरून तिसरं बटण मागाहून लावलेलं. इतरांना चार भोकं, त्याला दोन. आई म्हणते, इंटरव्ह्यू घेणारा काय भोकं मोजत बसतो? मला खात्री नाही. माझ्या समोरचा साहेब सगळा वेळ तिथेच बघत होता.

मालवणला रेल्वे नाही. 1998 साली कोकण रेल्वे पुरती धावायला लागली, ती कणकवली-कुडाळवरून. त्यामुळे शर्टाचा प्रवास आधी एसटीने कुडाळला, मग रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने. त्याची घडी घालायची नाही, हा घरचा कायदा. करवंटीच्या कोळशावर तापलेली इस्त्री फिरवून तो हँगरला लावतात, वरून जुनी लुंगी गुंडाळतात आणि डब्यात खिडकीशेजारच्या खुंटीला टांगतात. आपण पेंगतो, तो रात्रभर डुलत असतो. पनवेलच्या आसपास डोळा उघडला की अर्ध्या उजेडात सीट न मिळालेला एखादा चाकरमानीच उभा असावा तसा दिसतो. दुसरा कायदा, तो अंगात असेपर्यंत माशाला हात लावायचा नाही. हा जास्त कठीण.

आजोबांना असला शर्ट लागला नाही. ते बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि गिरणीत लागले. तिथे इंटरव्ह्यू नव्हता, जॉबर होता. कुणीतरी त्याच्या कानावर घालायचं, ‘आमच्या वाडीतला आहे’. मग आधी बदली, नशीब असलं तर कायम. जॉबरचा हात कशाने ओला करावा लागला ते आजोबांनी कधी सांगितलं नाही, तेव्हा त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. पण 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि शब्द टाकणारी माणसंच वळकटी बांधून गावी आली. शब्द टाकायचं काम पुढे शर्टाकडे आलं.

आणि तो मुका. तसे आम्हीही. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आमच्या पोरांची जीभ टाळ्याला चिकटते. आमच्याकडे अनोळखी माणसाला विचारतात, “कोणाचो रे तू?” त्यावर बापाचं नाव, वाडी, देवळातला मान एवढं सांगितलं की झालं. स्वतःबद्दल दुसऱ्याने सांगायचं असतं.

तरी शर्टाने आपल्या परीने हात दिला. मला दुसऱ्या खेपेला नोकरी मिळाली. थोरला गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागला, पहिल्याच दिवशी त्याला युनिफॉर्म दिला आणि शर्ट एसटीने परत आला. 2021 च्या मे महिन्यात मधल्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला होता. वर शर्ट, खाली हाफ पँट, खुर्ची तुळशीपाशी, कारण रेंज तिथेच. नेमकं तौक्ते वादळ आलं. माड पडले, खांब पडले, वीज गेली, टॉवरही गेला. कोळशाच्या इस्त्रीमुळे शर्ट मात्र कडक तयार. तो दोन दिवस तसाच टांगलेला होता. कंपनीने दुसरा माणूस घेतला.

धाकटा गेल्या हंगामात तारकर्लीला गेला, पर्यटकांना स्कूबाला नेणाऱ्या एका होडीवर. शर्ट घालून, पँटीत खोचून, फाईल काखेत. होडीवाल्याने फाईल उघडलीही नाही. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “सदरो काढ आणि मार उडी.” शर्ट होडीच्या छपराच्या पाइपाला लटकला. पोरगा विहिरीत पोहायला शिकलेला, खाडीत वाढलेला. खाली गेला तो इतका वेळ वर येईना की होडीतली पर्यटक बाई ओरडायला लागली. वर आला तेव्हा होडीवाला विडी पेटवत होता. “उद्या सातांक ये.”

घरी आलेल्या शर्टावर पाठभर मिठाचे पांढरे नकाशे होते. आईने गोड्या पाण्यातून दोनदा काढला, चुना लागल्यासारखी ती कड तरी उरलीच. तो दोरीवर होता तेवढ्यात पाचव्याचा फोन आला.

“काकी, सदरो खंय असा?”

“अजून सुकूक नाय.”