नळांत थिजलेलें पाणी

पुण्याच्या आमच्या जुन्या वाड्यांत नळाविषयीं घरोघर एकच तक्रार असे, ती ही कीं, त्याला पाणी येत नाहीं. पहांटे साडेचार वाजतां लावलेल्या घागरी, आणि खालच्या बिऱ्हाडानें तोटी सोडली म्हणून वरच्यांची धार तुटली यावरून होणारीं भांडणें, हें सारें आम्हीं लहानपणापासून पाहिलें आहे. परंतु नळांत पाणी आहे आणि तरीहि तें येत नाहीं, कारण तें आंतल्या आंत दगड होऊन बसलें आहे, हा प्रकार पाहण्यासाठीं आम्हांला सत्तरी उलटल्यावर अमेरिकेंत जावें लागलें.

आमचे तिघे पुतणे न्यू जर्सींत राहतात. २०१५ सालीं तिघांनीं मिळून शेजारच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानांत, पोकोनोच्या डोंगरांत, एक लहानसें लांकडी घर सामाईक विकत घेतलें. मोटारीनें दोन तासांचा रस्ता. उन्हाळ्यांत तळ्यांत पोहावें, पानगळींत झाडांचे रंग पाहावे, हिंवाळ्यांत मुलांनीं बर्फावरून घसरावें, असा बेत. परदेशीं जाऊनहि मुलांनीं एकत्र कुटुंबाचा धागा तोडला नाहीं, असें आम्ही चारचौघांत अभिमानानें सांगत असूं. सामाईक विहीर आणि सामाईक आंबा यांपायीं कोंकणांत किती घराणीं कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिलीं, हें त्या वेळीं आम्हांला आठवलें नाहीं.

धाकट्याच्या मुलीचें बारसें आमच्यासाठीं थांबविलें होतें, म्हणून डिसेंबर २०१७ मध्यें आम्ही उभयतां तिकडे गेलों. त्या वर्षीं नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अमेरिकेच्या ईशान्य भागांत कडाक्याची थंडी पडली. दुसऱ्या आठवड्यांत ती ओसरली, आणि त्याच आठवड्यांत पोकोनोच्या एका शेजाऱ्याचा दूरध्वनी आला: तुमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहत आहे, घरांत कोणी आहे काय?

तिघेहि निघाले, आम्हीहि हट्टानें मोटारींत बसलों. दार उघडलें तों स्वयंपाकघराचें छत ओट्यावर कोसळलेलें. जिप्समचे तक्ते भिजलेल्या पापडासारखे लोंबत होते. जमिनीच्या फळ्या फुगून उभ्या राहिल्या होत्या. या तिघांच्या आईनें, आमच्या दिवंगत वहिनींनीं, जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी त्या घरांत कोचावर पसरलेली असे. तिचा लाल रंग उतरून साऱ्या पाण्यांत कालवला गेला होता. आणि वरून पाणी गळतच होतें, कारण घराला पाणी स्वतःच्या विंधनविहिरीचें, व पंपाची वीज चालू. धाकट्यानें तळघरांत उतरून पंपाची कळ बंद केली, तेव्हां कोठें घर शांत झालें. त्या शांततेंत थोरल्यानें मधल्याकडे पाहिलें.

नोव्हेंबरच्या सुटींत शेवटचें बिऱ्हाड मधल्याचें होतें. निघतांना त्यानें घराची ऊब ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारें १३ सेल्सिअसवर, ठेविली होती. रिकाम्या घरासाठीं तेथले जाणकार बहुधा हाच किमान आंकडा सांगतात, तेव्हां त्याचें तेवढें बरोबरच होतें. परंतु घर तापविणारी भट्टी प्रोपेन गॅसवर चालते, आणि अंगणांतली गॅसची टांकी मध्येंच रिकामी झाली. ती भरून घ्यावयाची कोणीं? हिशेब थोरला ठेवी, म्हणून मधल्यास वाटलें तोच मागवील. थोरल्यास वाटलें, शेवटीं जो निघाला त्यानें टांकीचा कांटा पाहिला असेल. धाकट्याच्या घरीं मूल व्हावयाचें होतें. त्याला कोणी विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि कोणास विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आलेल्या प्लंबरनें फुटलेला तुकडा कापून आमच्या हातांत दिला. बोटाएवढी जाड तांब्याची नळी, भाजलेल्या शेंगेसारखी लांबीच्या दिशेनें उकललेली. आम्हांला नवल वाटलें तें निराळेंच. खरी थंडी उत्तरेच्या भिंतीला. मग नळी घराच्या मध्यावर, न्हाणीघराखालीं, कां फुटावी? पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें हें आम्ही शाळेंत शिकलों होतों, आणि बर्फ जेथें होतो तेथेंच नळी फाडतो अशी आमची समजूत होती. त्या गृहस्थानें ती पुसून टाकली. बर्फाचें बूच बाहेरच्या भिंतींतल्या नळींत बसतें व वाढत जातें. तें बूच आणि पुढची बंद तोटी यांच्यामध्यें जें पाणी कोंडतें त्याला जावयास जागा नसते. पाणी दाबून लहान होत नाहीं. दाब मात्र वाढत राहतो, आणि नळी जेथें दुबळी तेथें उकलते. त्या जागीं बर्फाचा कणहि नसला तरी चालतो. बूच घट्ट आहे तोंवर मागचें पाणी पुढें येत नाहीं, म्हणून घर वरून कोरडें दिसतें. थंडी ओसरली, बूच वितळलें, मग पंपानें आपलें काम इमानानें केलें.

कडाक्याच्या रात्रीं तोटी बारीक धारेनें सोडून ठेवतात ती यासाठींच. वाहत्या धारेला गोठावयास वेळ लागतो हें एक. कोंडलेल्या दाबाला वाट मिळते हें त्याहून मोठें. धाकट्याच्या घरीं अशी सोडलेली तोटी आमच्या मंडळींनीं, पाणी वायां जातें म्हणून, रात्रींतून दोनदां उठून बंद केली होती, हें येथें कबूल करावयास हवें.

घराचा विमा होता. कंपनीनें गॅसच्या बिलांचा दाखला मागितला. तेथील विम्यांत बहुधा अट असते कीं, रिकाम्या घरांत ऊब राखण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी, नाहींतर पाणी बंद करून नळ रिकामे केलेले असावे. आमच्या मुलांकडून दोहोंपैकीं एकहि झालें नव्हतें. दावा नाकारला गेला. दुरुस्तीचा अंदाज अठरा हजार डॉलरांचा. थोरल्यानें त्याचे तीन सारखे भाग केले. वापर सारखा नाहीं तर भाग सारखे कसे, असें मधल्या सूनबाईंनीं विचारलें, आणि त्यावर थोरल्यानें जें उत्तर दिलें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. बारशाच्या दिवशीं दोघी जावा पाळण्याच्या दोन बाजूंस उभ्या राहून बाळाला वरखालीं देत होत्या आणि एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. मे महिन्याची सुटी संपून कोंकणांतलें घर बंद व्हावयाचें त्या दिवशीं ती ओटीच्या पायरीवर बसे, आणि एकेकास नांवानें विचारी: चूल कोणीं विझविली? हंडे कोणीं पालथे घातले? मागच्या दाराचा अडसर कोणीं लावला? "आम्ही सगळ्यांनीं" हें उत्तर तिला चालत नसे. आम्हीं ही गोष्ट थोरल्याला सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं, पण दुरुस्ती एप्रिलांत संपल्यावर त्यानें त्याच प्लंबरला बोलावून, घर थंडीसाठीं कसें मिटावें तें करून दाखवावयास सांगितलें. धाकटा आला. मधला आला नाहीं. आम्ही तळघराच्या पायरीवर वही घेऊन बसलों.

प्रथम पंपाची वीज बंद करावी व पाण्याचा मुख्य कॉक फिरवावा. पाणी तापविण्याची टांकी, म्हणजे आपला बंबच, आधीं विझवावी आणि मग रिकामी करावी. रिकाम्या बंबाखालीं जाळ ठेवला तर काय होतें हें आपल्याकडील कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. मग घरांतल्या यच्चयावत् तोट्या, गरम आणि थंड दोन्ही, उघड्या टाकाव्या आणि सर्वांत खालची वाट मोकळी करावी. संडासाची टांकी ओढून रिकामी करावी व तळाशीं राहिलेलें पाणी फडक्यानें टिपून घ्यावें. एवढ्यानेंहि वांकणांवांकणांत पाणी राहतेंच. तें कॉम्प्रेसरच्या हवेनें फुंकून काढावें लागतें. मोरीच्या नळीच्या वांकणांत जें पाणी मुद्दाम सांचलेलें असतें तें दुर्गंधी अडवितें, म्हणून तें नुसतें काढून भागत नाहीं; तेथें प्रॉपिलीन ग्लायकॉलचा गुलाबी द्रव ओततात. मोटारीच्या इंजिनांत घालतात तो द्रव बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा, व तो विषारी. तो घरांत नको. भांडीं धुण्याचें व कपडे धुण्याचें यंत्र हमखास विसरलें जातें. अंगणांतल्या तोटीला लागलेली रबरी नळीहि तशीच. ती काढली नाहीं तर तोटीच्या पोटांत पाणी अडकून राहतें.

नळ्यांना फोमचें वेष्टण चढवावें कीं नाहीं, असें धाकट्यानें विचारलें. चढवावें, पण रजई दगडाला ऊब देत नाहीं, हें विसरूं नये. वेष्टणानें थंडी उशिरां पोंचते, इतकेंच. आणि नळी गोठलेली आढळलीच, तर ती फुटलेली नाहीं हें आधीं पाहावें, तोटी उघडावी, आणि केस वाळविण्याच्या यंत्रानें किंवा गरम पाण्यांत पिळलेल्या फडक्यांनीं तोटीच्या बाजूनें मागें मागें शेकत जावें. उघडी ज्योत लांकडी घरांत कदापि नको.

ऊब राखावी कीं नळ रिकामे करावे? आमचें मत विचाराल तर, महिनोन्महिने मिटून राहणाऱ्या घराचे नळ रिकामेच करावे. ऊब गॅसवर, विजेवर आणि कोणाच्या तरी आठवणीवर अवलंबून. रिकाम्या नळीला यांपैकीं कशाचीच जरूर नाहीं.

आम्हीं तें सारें मराठींत उतरून काढलें आणि प्रत्येक कामापुढें एक रिकामी जागा सोडली, करणाराचें नांव लिहिण्यासाठीं. वही तळघराच्या दाराशीं खिळ्याला टांगली आणि जूनमध्यें पुण्यास परत आलों. मधल्यानें आपला भाग भरला असें मध्यंतरीं कळलें. तो त्या घरीं जातो कीं नाहीं, हें विचारावयाचा आम्हांला धीर झाला नाहीं.

नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस धाकट्यानें दूरध्वनीवर वहीच्या एका पानाचें छायाचित्र धाडलें. अक्षर मधल्याचें, शाळेंत असतांना आम्हींच कित्ता घालून वळविलेलें. पंप बंद. बंब रिकामा. मोऱ्यांत गुलाबी पाणी घातलें. रबरी नळी काढून गॅरेजमध्यें ठेविली. प्रत्येक ओळीपुढें त्याचें नांव होतें. खालीं लिहिलें होतें, "दादा, वरच्या न्हाणीची तोटी जराशी घट्ट फिरते, एकदां पाहून घेणें." आणि त्याच्याखालीं, दुसऱ्या शाईनें, थोरल्याच्या हातचा एकच शब्द: "पाहिली."