न मागितलेला हिशेब

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. तीत आजोबांच्या रोजकिर्दी आहेत. आजोबा गायकवाडी अमलात वसुलीकडे कारकून होते. दिवसभर सरकारचा हिशेब लिहून घरी आले की रात्री कंदिलापाशी बसून ते घरचा हिशेब लिहीत. त्यांतल्या एका पानावर एक ओळ आहे : 'चहा, बाहेर, १ आणा. गरज नव्हती.' ही वही तपासणारा कोणी नव्हता. आजीला वाचता येत नव्हते आणि मुले लहान होती. तरीही 'गरज नव्हती' हा शेरा त्यांनी स्वतःच्याच नावावर मारून ठेवला आहे. लहानपणी त्या ओळीचे मला हसू येई. ती नीट कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

डिसेंबर २०१९ मध्ये मला एक फोन आला. राज्य सरकारच्या नोकरीतून बाहेर पडून तेव्हा तीन वर्षे झाली होती. फोन शहराबाहेरच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या व्यवस्थापकांचा होता. कापडाच्या रंगांना लागणारी रसायने तेथे तयार होतात. मालकांचे आणखी दोन कारखाने आहेत. परंतु जर्मनीतील एका ग्राहकाने याच कारखान्याचा स्वतंत्र शाश्वतता अहवाल मिळेल का, अशी विचारणा केली होती. 'साहेब, तुमची उभी हयात असली विवरणपत्रे तपासण्यात गेली. तुम्हीच लिहून द्या,' असे ते म्हणाले. मानधन ठरले आणि मी होकार दिला.

कारखान्याने वर्षभरात किती पाणी घेतले, किती वीज आणि कोळसा वापरला, सांडपाणी आणि घातक कचरा किती निघाला, किती कामगार जखमी झाले, याचा ताळेबंद म्हणजे असा अहवाल. १९९७ साली बोस्टन येथे सुरू झालेल्या 'ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह' या उपक्रमाने २००० साली त्याची पहिली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. युरोपात १९९३ च्या एका नियमाने निराळी वाट घालून दिली होती. तेथे आरंभी एकेक कारखाना हाच घटक धरला होता. भाग घ्यावा की नाही, हे कारखान्याच्या मर्जीवर होते. एकदा भाग घेतला, की मात्र आपले निवेदन त्रयस्थ तपासनिसाकडून पडताळून घेऊन लोकांपुढे ठेवावे लागे. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. मी सांगतो आहे त्या वेळी तो नियम यायचा होता, आणि आला तरी या कारखान्याला तो लागू होण्यासारखा नव्हता, कारण त्याचे भाग बाजारात नव्हतेच.

कंपनीचा अहवाल आणि एका कारखान्याचा अहवाल यांतला फरक मला त्या कामात उमगला. कंपनीच्या अहवालात तीन कारखान्यांची बेरीज होते आणि एकाचे वाईट वर्ष दुसऱ्या दोघांच्या चांगल्या वर्षांत विरून जाते. कारखान्यामागचा नाला मात्र एकाच कारखान्याचा असतो. त्याच्या काठच्या गावाला तिन्हींची सरासरी घेऊन काय करायचे?

कायद्याने मागितलेले हिशेब मला चांगले परिचयाचे होते. १९९२ साली पर्यावरणविषयक वार्षिक निवेदनाचा नियम झाला आणि कारखाने ते फॉर्म भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवू लागले. आमच्या खात्याकडेही उत्पादन, वीज, पाणी यांची विवरणपत्रे येत. त्याच दशकातली एक गोष्ट येथे कबूल करतो. एका कारखान्याच्या विवरणपत्रात पाण्याच्या वापराचा आकडा तीन वर्षे दशांशासह तोच होता. उत्पादन मात्र वाढत होते. हे माझ्या लक्षात आले होते. मी शेरा लिहिला : 'पाहिले. दप्तरदाखल करावे.' फाइल कपाटात गेली. पुढल्या वर्षी तोच आकडा चौथ्यांदा आला आणि माझा शेराही तोच राहिला. चूक दडवण्यासाठी कोणी मला एक पैसा दिला नव्हता. टेबल मोकळे होणे एवढाच माझा लाभ होता.

असे करणारा मी एकटा नव्हतो, हे नंतर एका अभ्यासाने दिसले. गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून राज्यात कारखान्यांच्या पर्यावरणीय लेखापरीक्षणाची योजना आली. तपासनीस कारखान्यानेच निवडायचा आणि त्याची फीही कारखान्यानेच द्यायची. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद व सुरत भागांत २००९ ते २०११ या काळात या पद्धतीची परीक्षा घेतली. तपासनिसांच्या अहवालांनुसार धुराड्यांतील धूलिकणांची मर्यादा ७ टक्के कारखाने ओलांडत होते. फेरमोजणीत ते ५९ टक्के निघाले. तपासनिसांची नेमणूक चिठ्ठ्या टाकावी तशी केली, फी सामायिक निधीतून दिली आणि त्यांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले. पुढे कारखान्यांचे प्रदूषणही घटले. ज्याच्या हातून फी मिळते त्याच्याविरुद्ध आकडा लिहिणे किती कठीण असते, ते त्या दोन आकड्यांत आहे. आणि मी तर आता एका कारखान्याचे मानधन घेऊन त्याचाच अहवाल लिहायला बसलो होतो.

आकडे गोळा करायला प्रयोगशाळेतली एक तरुण केमिस्ट माझ्या मदतीला होती. रावपुऱ्यातल्या मराठी घरची मुलगी; पहिल्याच दिवसापासून मला 'काका' म्हणू लागली. एके दुपारी तिने ईटीपीचे लॉगबुक माझ्यापुढे सरकवले आणि काही न बोलता एका पानावर बोट ठेवले. ३१ जुलै २०१९. त्या दिवशी बडोद्यात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला होता. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, मगरी रस्त्यांवर आल्या. आपल्यापैकी कोणी तो दिवस विसरला नसेल. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री सांडपाण्याचा साठवण तलाव भरून वाहिला आणि ते पाणी मागच्या नाल्यात गेले, अशी शिफ्ट सुपरवायझरची नोंद होती.

'मंडळाला कळवले होते का?' मी विचारले. पाणी कायद्याने तसे कळवणे बंधनकारकच आहे. तिने पत्राची स्थळप्रत काढून दाखवली. कळवले होते, पोचही आली होती. म्हणजे कायद्याचे काम झाले होते आणि कागद माझ्या ओळखीच्या जागी, दप्तरात, गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्याकडेने गावात गेलो. एक वृद्ध शेतकरी ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, 'बे रात लाल पाणी आव्युं. शेनुं हतुं ए कोईए कह्युं नहीं.' दोन रात्री लाल पाणी आले, ते कशाचे होते हे कोणी सांगितले नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ढोरांना ते पाजावे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. आणि कोणाला विचारावे, हे ठाऊक नव्हते.

मी मसुद्यात त्या दोन रात्रींवर चार ओळी लिहिल्या. व्यवस्थापकांनी त्यांवर काट मारली. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या मुलांच्या फीची चिंता करणारा होता. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, 'साहेब, आ तो मरजियात छे. कोई मागतुं नथी, तो शुं काम लखवुं?' ऐच्छिक आहे, कोणी मागत नाही, मग लिहायचे कशाला?

खरे सांगतो, क्षणभर मला ते पटले. मानधनाचा दुसरा हप्ता यायचा होता. टेबल पुन्हा मोकळे होणार होते. मग आजोबांची ती एक आण्याची ओळ कशी कोण जाणे आठवली. मी म्हणालो, 'कायद्याचा कागद सरकारसाठी होता, तो तुम्ही पाठवलात. हा अहवाल ज्यांना तो कागद कधी दिसणार नाही त्यांच्यासाठी आहे. त्या ओळी नको असतील, तर माझे नावही नको आणि मानधनही नको.' घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'नोकरीत असताना कधी बोलला नाहीत असे.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आठ दिवसांनी मालकांचा निरोप आला. चार ओळींची एक ओळ करून ती ठेवली होती : 'अतिवृष्टीत दोन रात्री साठवण तलावातील पाणी नाल्यात गेले, किती गेले ते मोजलेले नाही.' अहवालाचा एक पानी गुजराती गोषवारा पंचायतीच्या फलकावर लावण्याचेही त्यांनी मान्य केले. तो लागला. जर्मन ग्राहकाने करार मोडला नाही. त्याने फक्त उलट विचारले, 'मोजलेले का नाही?' या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी तलावाच्या तोंडाशी प्रवाहमापक मीटर बसला.

येथे गोष्ट संपवता आली असती तर बरे झाले असते. २०२० चा अहवाल एका सल्लागार कंपनीने केला. गुळगुळीत कागद, रोपे लावणारी हसरी मुले, अनेक आलेख. त्यात तलाव नाही, नाला नाही. पंचायतीच्या फलकावर नवे पान लागले नाही. ऐच्छिक गोष्टीचे हे दुबळेपण आहे. जी मर्जीने सुरू होते ती मर्जीने थांबते. म्हणून कायदा आणि कारखान्याच्या पैशावर न जगणारा तपासनीस, या दोहोंची गरज अशा अहवालाने टळत नाही. मीटर मात्र जागेवर आहे. ती मुलगी सांगते, आकडा रोज लॉगबुकात चढतो.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज या पट्ट्यातल्या कारखान्यांत इंजिनिअर आहेत, केमिस्ट आहेत. असा अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले, तर मोठ्यांनी त्यांना एवढेच विचारावे : यात आपल्याविरुद्ध जाणारी एक तरी ओळ आहे ना? ती नसेल तर उरलेली पाने वाचण्याचे गावाला काही कारण नाही.

त्या २०१९ च्या अहवालाची माझी प्रत मी माळ्यावरच्या पेटीत, रोजकिर्दींच्या शेजारी ठेवली आहे. 'दप्तरदाखल करावे' असा शेरा मारलेली ती जुनी फाइल तेथे ठेवता येत नाही. ती सरकारची आहे. म्हणून तिची नोंद येथे केली.