ज्वारीवर ज्वारी

माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने तिच्या आतड्याला इजा होते. सातव्या वर्षी तिची उंची वाढेना आणि लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन वर येईना. आधी रक्ताची टीटीजी चाचणी झाली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन तपासले. तोवर गहू सुरूच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो आधीच बंद केला तर आजार असूनही चाचणीत सापडत नाही. हे मी भेटेल त्या आईला सांगते, कारण पोट बिघडलं की आपल्याकडे सगळ्यात आधी पोळीच बंद होते.

निदान कळल्यावर सगळे हळहळले, पोळीशिवाय कसं होणार पोरीचं! माझ्या सोलापूरच्या आजेसासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं पोळी सणाला व्हायची. भाकरीवरच वाढलो की सगळे." त्यांनीच लेकीला भाकरी थापायला शिकवली. गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लूटेनमुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून पीठ ताजं हवं, विरी गेलेलं असेल तर गरम पाण्यात मळायचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा असं सगळं घरात असताना आपल्या पोरीची उपासमार होणार नाही, हे मला त्या चुलीपुढे पटलं.

गहू सोडणं जमलं, पण लपलेला गहू शोधणं फार चिवट काम आहे. हिंग उग्र असतो म्हणून त्यात डिंक आणि बऱ्याचदा मैदा मिसळतात. म्हणजे साध्या वरणाच्या फोडणीतही गहू. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू, सोया सॉसमध्ये गहू. जवातही ग्लूटेन असतं, त्यामुळे माल्टची पेयं बाद. आणि गिरणी! आपल्या बायका चवीसाठी "ज्वारीवरच ज्वारी टाका" असं गिरणीवाल्याला सांगतात. आमच्यासाठी तेवढंही पुरत नाही, कारण जात्यात आणि हवेत गव्हाचं पीठ असतंच. म्हणून आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. लेकीचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा.

सगळ्यात अवघड जातो तो सत्यनारायणाचा शिरा. "प्रसाद आहे, कणभर खाऊ दे, काही होत नाही." माया असते त्यात, म्हणून नाही म्हणताना जीव तुटतो. पण पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, आणि चमचाभर शिऱ्यात त्याच्या कितीतरी पट असतं. कधी पोट दुखतही नाही, तरी आतड्यातले रसांकुर झिजत राहतात. गहू बंद केला की ही मुलं सुधारतात, हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०च्या प्रबंधात मांडलं. आजही पथ्य हाच उपचार आहे, आणि तो जन्मभराचा.

आमच्या घरच्या पूजेला आता तांदळाच्या रव्याचा शिरा होतो, सगळ्यांसाठी तोच. भावंडांमध्येही हा आजार असू शकतो, म्हणून धाकट्याची चाचणी करून घेतली. ती निर्दोष आली, पण पुन्हा करायची आहे.

जेवायला बोलावणाऱ्यांना मी आधी फोन करते. तिच्यासाठी वेगळं पक्वान्न नको. वरणाला हिंग घालण्याआधी तिची वाटी काढून ठेवा, पोळीच्या डब्यातला चमचा तिच्या भाताला लावू नका. एवढं सांभाळलं की ती पंगतीत सगळ्यांबरोबर बसते आणि दुसऱ्यांदा भात मागून घेते.